सारथीचा अंदाज

छत्रीच्या चित्राकडे बघून सर म्हणाले, "किल्ली."

वाचाउपचार करणाऱ्या मुलीने नुसती मान हलवली, कार्ड पालथं ठेवलं आणि दुसरं वर धरलं. ते घड्याळाचं होतं. सरांनी ते एखाद्या जाणकारासारखं निरखून पाहिलं, ओठ जुळवले, आणि पुन्हा किल्लीच बाहेर पडली. आपण काय बोललो हे त्यांचं त्यांनाच कळलं असावं. त्यांनी हात झटकला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

सरांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हे बघत होत्या. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून सरांच्या तोंडात हा एकच शब्द धड उरला होता. पायातली ओढ बरीच कमी झाली होती, उजवा हात थोडाफार उचलला जात होता, पण भूक लागली तरी किल्ली आणि पाठ दुखली तरी किल्ली. ती मुलगी दर वेळी जाता जाता समजावून सांगायची की शब्द आत असतात, बाहेर यायची वाट तेवढी बुजलेली असते. डॉक्टर मात्र इतकं ठामपणे काही बोलत नव्हते. आत नेमकं किती पोचतंय, हे सांगणं कठीण आहे, एवढंच ते म्हणायचे. आणि वहिनींना रोज जे दिसत होतं, ते डॉक्टरांच्या बाजूचं होतं. चहा हवा का विचारलं तर सर जोरात नाही म्हणून मान हलवायचे आणि कप समोर आला की पिऊन टाकायचे. मोबाइलवर काही लिहायला दिलं तर अक्षरांची नुसती सरमिसळ व्हायची. कधी कधी ते वहिनींकडे असे बघायचे, की ही बाई कोण, कशाला आली आहे, असा प्रश्न त्यांना पडला आहे की काय, असं वाटावं.

याच माणसाने अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. ड्रायव्हिंग स्कूल त्यांचं स्वतःचं नव्हतं, पण तिथे येणारा प्रत्येक जण "सरांकडेच शिकणार" म्हणून अडून बसायचा. ते कधी आवाज चढवायचे नाहीत. समोरून ट्रक येऊ दे, शिकणाऱ्याने डोळे मिटून घेऊ दे, सर आपले शेजारच्या सीटवर शांत. "घाबरू नका, एक ब्रेक माझ्या पायाखालीही आहे," हे त्यांचं वाक्य ऐकून कितीतरी लोकांच्या हाताचा घाम वाळला होता. वहिनी स्वतः दवाखान्याच्या शिवणखात्यात होत्या. उसवलेल्या चादरी, ऑपरेशनचे हिरवे झगे, वॉर्डांतले पडदे, सगळं त्यांच्या मशीनखालून जायचं. धाकट्या दिराने आपल्या मित्रांसमोर वहिनी म्हणून हाक मारली, ती मित्रांनी उचलली, शेजाऱ्यांनी उचलली, आणि शेवटी दवाखान्याच्या मोठ्या सिस्टरही त्यांना वहिनीच म्हणू लागल्या.

सरांना एकच नाद होता, तो म्हणजे जुनं रोम. सुरुवात रस्त्यांपासून झाली. हजारो वर्षांपूर्वी दगड लावून बांधलेले ते सरळसोट रस्ते अजून शाबूत आहेत, हे कुठेतरी वाचून ते इतके हरखले, की त्या रस्त्यांवरून चालता चालता थेट रोमच्या आत जाऊन पोचले आणि तिथेच राहिले. मोबाइलवर अशाच वेड्यांचा एक समूह होता. सभासद एकमेकांना नागरिक म्हणायचे आणि समूह चालवणारे दोघे, रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांप्रमाणे, स्वतःला कॉन्सुल म्हणवून घ्यायचे. सरांचं तिथलं नाव सारथी. सकाळी दाढी करताना ते आरशाला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर कुणाशी तरी वाद घालत असायचे, आणि वहिनी म्हणायच्या, "तुमचं ते साम्राज्य एकदाचं बुडू द्या, आंघोळीचं पाणी गार होतंय."

झटक्यानंतर समूहातून विचारणा सुरू झाली. सारथी कुठे आहेत, सारथी गप्प का. वहिनींनी मोबाइल सरांसमोर धरला आणि यांना खरं सांगू का, म्हणून विचारलं. सरांनी इतक्या जोरात मान हलवली की खुर्ची सरकली. ती मान हो म्हणत होती की नाही, हे कळायला मार्ग नव्हता, पण डोळ्यांत पाणी आलं ते वहिनींनी पाहिलं. त्यांनी सरांच्या नावाने "जरा कामात आहे" असं लिहून टाकलं आणि पुढे कुणी काही विचारलं की अंगठ्याचं चित्र टाकून वेळ मारून नेऊ लागल्या.

त्या आठवड्यात दीर येऊन गेले. माणूस प्रेमळ, भावासाठी जीव टाकणारा, पण त्यांना कुठलीही गोष्ट लोंबकळत ठेवलेली सोसत नसे. गावाबाहेर एक निवासी केंद्र होतं. तिथे अशा रुग्णांची चांगली देखभाल होते, नर्स असते, व्यायाम घेतात, आणि सध्या एक खोली रिकामी आहे, असं ते चौकशी करून आले होते. वहिनी कामावर गेल्या की सर दिवसभर एकटे. शेजारच्या काकू दुपारी डोकावतात, पण त्यांचंही वय झालेलं. सरांच्या लेकीशी ते फोनवर बोलले होते. ती दूर नोकरीच्या गावी, लहान बाळ घेऊन. तिलाही काकाचं पटत होतं. वहिनी म्हणाल्या की सरांना घराची सवय आहे, त्यांना करमणार नाही.

दीर खाली बघत म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण दादाला आता इथे काय आणि तिथे काय. त्याला कळतंय कुठे."

सर समोरच खुर्चीत बसले होते. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. ते स्वतःच्या तळहाताकडे बघत होते.

विचार करून सांगते, असं वहिनी म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवसापासून मशीनवर बसल्या की शिवण वाकडी जाऊ लागली. त्यांना नर्सची भीती नव्हती की केंद्राची. त्यांना भीती एकाच गोष्टीची वाटत होती, की दीर म्हणतात ते खरं असेल. आपण रोज ज्याचे बूट बांधतो, ज्याच्या कपाळावरचे केस मागे सारतो, तो माणूस कधीच उठून निघून गेला असेल, आणि आपण नुसत्या रिकाम्या घराला कुलूप लावत बसलो असू.

समूहात एक प्राध्यापिकाबाई होत्या. त्यांच्याबद्दल सर नेहमी आदराने बोलत. कारण त्या राजे आणि लढाया सोडून भटारी, धोबी, दाया, मुक्त झालेले गुलाम यांच्याविषयी लिहायच्या. अनेक वर्षं खपून त्यांनी याच साध्या माणसांवर पुस्तक लिहिलं होतं. ते छापायला गेलं आणि कॉन्सुलांनी समूहात स्पर्धा जाहीर केली. पुस्तकाचं नाव ओळखायचं, जो ओळखेल त्याला बाईंच्या सहीची पहिली प्रत. बाईंनी खुणा तेवढ्या दिल्या होत्या. नाव मी ठेवलेलं नाही, दगडांकडून उसनं घेतलंय. ते राजवाड्यात सापडणार नाही, गावाबाहेर शोधा. आणि ते दुसऱ्या कुणाला नाही, तुम्हालाच उद्देशून आहे.

समूहात नुसता धुमाकूळ सुरू झाला. कुणी 'मुके साक्षीदार' लिहिलं, कुणी 'रोमचे अनाम', एकाने 'दगडाखालची माणसं' असं लिहून स्वतःच स्वतःचं अभिनंदन केलं. मधूनच कुणीतरी विचारलं, सारथी, तुमचा अंदाज काय, रस्ते तर तुमचेच.

संध्याकाळी वहिनींनी हात धुतले, चष्मा लावला आणि सरांच्या समोर स्टूल ओढून बसल्या. त्या मुलीने सांगितलं होतं, की त्यांच्या आवडीचं काहीतरी वाचून दाखवत जा. वहिनींनी स्पर्धेची सगळी हकिगत वाचली, मग खुणा एकेक करून सावकाश वाचल्या. सर ऐकत होते की नाही कोण जाणे. दुसरी खूण झाली तेव्हा ते खुर्चीतून उठायला लागले. तिसरी वाचून होईपर्यंत उभे राहिले होते.

त्यांनी डावा हात पुढे केला आणि पंजा उभा धरला, शिकाऊ माणसाने क्लच सोडायची घाई केली की धरायचे तसा. मग बोटाने वहिनींच्या चष्म्याकडे दाखवलं, मोबाइलवर टकटक केलं. आणि मग अख्खा हात फिरवून दाराकडे.

"किल्ली," ते म्हणाले. "किल्ली. किल्ली."

"वाचू नको का?" वहिनींनी विचारलं.

सरांनी पुन्हा तेच केलं. पंजा, चष्मा, दार. या वेळी जोरात. चेहरा लाल झाला होता. वहिनी गोंधळून नुसत्या बघत राहिल्या, तेव्हा त्यांनी टेबलावर हात आपटला आणि तिसऱ्यांदा दाराकडे बोट दाखवलं.

इतक्या वर्षांच्या संसारात सरांनी त्यांना कधी घरातून जा म्हटलं नव्हतं. भांडणं झाली होती, अबोला झाला होता, पण हे असं नाही. "बरं, जाते," म्हणून वहिनी मोबाइल ठेवून बाहेर आल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. खालून कुणीतरी सायकल काढत होतं, तिची साखळी पडली होती, ती बसवेपर्यंत वहिनी तिकडेच बघत बसल्या. आत गेल्या तेव्हा सर खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनींनी धीर करून पुन्हा वाचायला घेतलं, आणि पुन्हा तेच झालं. आता तर सरांनी त्यांच्या नाकावरचा चष्माच हिसकावला, त्यांच्यापुढे हलवला, आणि दार दाखवलं. वहिनींनी चष्मा त्यांच्या हातातून सोडवून घेतला. त्यांच्या मनात काहीतरी तुटलं. यांना आपण नको आहोत, की आपण कोण हेच कळत नाही, यातलं अधिक वाईट काय, याचा विचारही त्यांना करवेना. सारथीकडून काहीच आलं नाही तर लोक पुन्हा चौकशा करतील, म्हणून त्यांनी स्वतःच्या मनाने 'गावाबाहेरचे शेजारी' असं काहीतरी लिहून पाठवलं आणि सरांना दाखवलं. सरांनी मान हलवली, हलवतच राहिले, आणि मग भिंतीकडे बघत बसले. वहिनींनी दिरांना फोन लावला. रविवारी या, आपण ती जागा बघून येऊ, असं सांगितलं. दीर म्हणाले की बरं झालं.

रविवारी सकाळी दीर गाडी घेऊन आले. वहिनींनी सरांना इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस विंचरले होते. त्यांना कुठे जायचं ते सांगितलं नव्हतं. नुसतं फिरून येऊ म्हटलं होतं, आणि ते म्हणताना नजर शर्टाच्या बटणांवर ठेवली होती. दीर चहा घेत होते. सरांचा मोबाइल शेल्फवर सारखा थरथरत होता, म्हणून वहिनींनी तो बंद करायला उचलला.

समूहात निकाल लागला होता. प्राध्यापिकाबाईंनी मुखपृष्ठाचं चित्र टाकलं होतं. एक लांब, सरळ, दगडी रस्ता, कडेला एक झिजलेली शिळा, आणि वर ठसठशीत अक्षरांत पुस्तकाचं नाव.

वहिनींनी ते मनात वाचलं. मग खाली बाईंनी लिहिलेलं वाचलं. रोममध्ये मृतांना गावात पुरायला बंदी होती, म्हणून त्यांची थडगी गावाबाहेर रस्त्याच्या दोन्ही कडांना असत. तिथून जाणाऱ्या परक्या माणसाशी तो दगडच बोलायचा. कितीतरी दगडांवर थोड्याफार फरकाने हेच कोरलेलं असायचं. वाटसरू, क्षणभर उभा राहा, मी कोण होतो ते वाच, आणि मग तुझ्या वाटेने जा.

वहिनींनी भिंतीला हात टेकला. मग मोठ्याने वाचलं.

"थांब, वाच, जा."

खुर्चीत बसलेल्या सरांनी डोळे मिटून घेतले आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला, की दिरांनी कप खाली ठेवला.

"अहो," वहिनी म्हणाल्या. त्या सरांच्या समोर खाली जमिनीवरच बसल्या होत्या. "म्हणजे तुम्ही मला जायला सांगतच नव्हता?"

सरांनी डावा हात वर केला. पंजा उभा धरला. मग अगदी हलकेच, बोटाच्या टोकाने त्यांच्या चष्म्याच्या काचेला स्पर्श केला. मग दाराकडे हात केला, आणि तो हात तसाच खाली आणून वहिनींच्या खांद्यावर ठेवला. त्यांच्या तोंडून किल्ली आली, पण ती रडत आली की हसत, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

वहिनींना हसू फुटलं. ते थांबेना. दिरांना काहीच कळत नव्हतं, म्हणून त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि सांगताना वहिनी मध्येच हसायच्या, मध्येच पदराने डोळे पुसायच्या. दीर मुळात चौकस. ते म्हणाले की योगायोग असू शकतो, हातवारे काय, कशाचेही होतात. आपण आशेवर फार भार टाकू नये. बोलताना त्यांचा आवाज मात्र खाली आला होता.

वहिनी उठल्या. त्यांनी सरांची खुर्ची दिरांकडे वळवली. आजवर एवढ्या चर्चा झाल्या, पण या माणसाला कुणी विचारलंच नव्हतं, हे त्यांच्या त्या क्षणी ध्यानात आलं.

"हे बघा," त्या सरांना म्हणाल्या, "मी मघाशी फिरायला जायचं म्हटलं ते खोटं होतं. गावाबाहेर एक जागा आहे. तिथे नर्स असते, तुमच्यासारखे पेशंट असतात. तुम्ही तिथे राहायचं, असं आमचं चाललंय. मी कामावर असते, तुम्ही एकटे पडता, म्हणून. तुम्हाला जायचंय का तिथे?"

सरांनी बायकोकडे पाहिलं, मग भावाकडे. या धाकट्या भावालाही गाडी त्यांनीच शिकवली होती. त्यांनी मान हलवली नाही, तिच्यावर त्यांचाही भरवसा उरला नसावा. त्यांनी फक्त पंजा उभा केला आणि तसाच धरून ठेवला.

दिरांनी गाडीची चावी खिशात टाकली.

"ठीक आहे, दादा," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, की दुपारच्या वेळी घरी येऊन बसेल असं कुणी मिळतं का, ते बघू का. त्या केंद्रातच चौकशी केली तर कुणीतरी सांगेल. वहिनी हो म्हणाल्या. मग दिरांनी स्वतःच उठून सगळ्यांसाठी पुन्हा चहा टाकला आणि तो इतका गोड केला की कुणाला पिववेना.

दुपारी वहिनींनी मोबाइल हातात घेतला आणि सरांच्या शेजारी बसून विचारलं, आता तरी खरं लिहू का. सरांनी मोबाइल त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी लिहिलं. आपण सारथींची बायको आहोत, त्यांना झटका आला आहे, बोलता येत नाही. नाव त्यांनी बरोबर ओळखलं होतं आणि दोनदा सांगितलंही होतं, पण पोचवणारी अडाणी निघाली. बक्षीस नको, फक्त त्यांना ओळखता आलं होतं, एवढं सगळ्यांना माहीत असावं.

नाव ओळखलेली आणखी एक सभासद होती, कुठल्याशा शाळेतली ग्रंथपाल. तिने लगेच लिहिलं की पहिली प्रत सारथींना द्यावी. कॉन्सुलांनी लिहिलं की रोममध्ये दोन कॉन्सुल असतात, तर दोन विजेते असायला काय हरकत आहे. भराभर निरोप येऊ लागले, वहिनी ते एकामागून एक वाचून दाखवत होत्या, आणि सर इतके खुलले होते की त्यांनी मध्येच शर्टाची कॉलर सारखी केली. संध्याकाळी प्राध्यापिकाबाईंचा फोन आला. वहिनींनी तो सरांच्या कानाला लावला. बाई काय बोलल्या ते त्यांना ऐकू आलं नाही. सर बराच वेळ ऐकत होते. शेवटी "किल्ली" म्हणाले, अगदी नम्रपणे, आभार मानावेत तसं.

सोमवारी वहिनी कामावर गेल्या. मोठ्या सिस्टरनी विचारलं, काय वहिनी, आज गाणं गुणगुणताय. आपण गुणगुणतोय हे वहिनींना माहीतच नव्हतं. दुपारी घरी येऊन बसायला एक निवृत्त वॉर्डबॉय मिळाला. तो सरांशी पत्ते खेळायचा आणि हरायचा. कार्डं घेऊन ती मुलगी येत राहिली. एके दिवशी सर घड्याळाला "घ" म्हणाले, आणि तिथेच थांबले. पुढे काय होईल, ते तिनेही सांगितलं नाही.

पुस्तक आलं तेव्हा सहीच्या खाली बाईंनी सारथी हे नाव लिहिलं होतं. वहिनी रोज संध्याकाळी थोडं थोडं वाचून दाखवू लागल्या. रोमन नावं त्यांच्या जिभेवर रुळायची नाहीत. एका धोबिणीचं लांबलचक नाव त्यांनी कसंबसं, मधली दोन अक्षरं गिळून उच्चारलं, तशी सरांच्या कपाळावर एक उभी आठी उमटली.

वहिनींनी ती पाहिली. त्यांनी बोट त्याच ओळीवर ठेवलं, आणि सरांच्या कपाळाकडे बघत ते नाव मुद्दाम पुन्हा चुकीचं वाचलं.